आजारी आई-वडिलांचे पैसे सांभाळताना: कोणता कागद, कधी आणि कसा

वडिलांचं पासबुक आठ महिन्यांनी भरून आणलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. दर आठ-दहा दिवसांनी एटीएममधून दहा हजार रुपये निघत होते. वडील तोवर फाटकाबाहेर एकटे जात नव्हते. कार्ड उशाखालच्या पाकिटात आणि पिन त्याच पाकिटातल्या चिठ्ठीवर. विचारलं तर म्हणाले, "मीच काढले असतील." त्यांना आठवत नव्हतं, आणि आठवत नाही हे कबूल करायची लाज वाटत होती. फसवणूक करणाऱ्याला हीच लाज उपयोगी पडते, हे मला नंतर कळलं.

पैसे काढणारा घरच्या ओळखीतलाच निघाला. पुढच्या दीड वर्षात मी बँक, नोटरी, दुय्यम निबंधक (दस्त नोंदवणारा सरकारी अधिकारी) आणि वकील यांच्याकडे इतक्या चकरा मारल्या, की कुठला कागद कशाला चालतो हे पाठ झालं. या वाटेवर पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्या मुलामुलींसाठी हे क्रमाने लिहितो आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला, म्हणजे मुखत्याराला, देणारा कागद. आपल्याकडे तो देणाऱ्याचं भान शाबूत असेपर्यंतच चालतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती मृत्यू पावली किंवा तिची मानसिक क्षमता गेली, की मुखत्याराचा अधिकार संपतो. इंग्लंड-अमेरिकेत क्षमता गेल्यावरही चालू राहणारी मुखत्यारपत्रं करता येतात. तिकडे राहणाऱ्या बहीण-भावांना म्हणून वाटतं, की इथेही एकदा कागद केला की काम झालं. तसं नाही. म्हणजे घड्याळ तुमच्या विरुद्ध चालू आहे. "बघू पुढच्या दिवाळीत" म्हणू नका.

पहिली पायरी: काय काय आहे ते बघा

एका रविवारी आई किंवा वडिलांबरोबर बसून सगळे कागद बाहेर काढा. बँकेची आणि पतपेढीची पासबुकं, मुदत ठेवीच्या पावत्या, विमा, पोस्टाची खाती, निवृत्तिवेतनाचा आदेश, फ्लॅटचं शेअर सर्टिफिकेट, जमिनीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक. एका वहीत यादी करा. ही चौकशी नाही, हे त्यांना आधी सांगा. आमच्याकडे मी "हिशोब बघायचाय" म्हणून सुरुवात केली आणि वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बहिणीने "तुमच्या ठेवी कधी संपतात ते लिहून ठेवू, व्याज बुडायला नको" म्हटल्यावर त्यांनी स्वतःच कपाट उघडलं.

यादी करताना काही खुणा डोळ्यांत तेल घालून बघा. बँकेला जोडलेला मोबाईल नंबर बदललेला आहे का? मुदत ठेव मुदतीआधी मोडली आहे का? पंच्याहत्तरीच्या माणसाच्या नावावर अचानक वर्षाला लाखभर हप्त्याची विमा पॉलिसी निघाली आहे का? नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे नॉमिनी बदलला आहे का? चेकबुकातली मधलीच पानं गायब आहेत का? एखादी नवीन "फार काळजी घेणारी" व्यक्ती इतर नातेवाइकांना फोनवर बोलू देत नाही, ही खूण तर कोणत्याही कागदाआधी दिसते.

दुसरी पायरी: गळती आजच थांबवा

याला कुठलाही कायदेशीर अधिकार लागत नाही. आई-वडिलांची संमती आणि त्यांचा फोन पुरतो.

एटीएम कार्डाची रोजची मर्यादा त्यांच्या गरजेइतकी खाली आणा. रोजच्या वापराचं खातं वेगळं ठेवा आणि त्यात महिन्याच्या खर्चापुरतीच रक्कम असू द्या. मोठी रक्कम असलेल्या खात्याला कार्डच नको. बँकेचे संदेश जात असतील त्या ईमेलवर तुमचाही पत्ता नोंदवून घ्या.

आधारचे बायोमेट्रिक लॉक करा. अंगठ्याच्या ठशावर आधारमार्फत पैसे काढून घेण्याचे प्रकार होतात, आणि हा ठसा म्हाताऱ्या माणसाकडून "योजनेसाठी" म्हणून सहज घेतला जातो. एम-आधार ॲपवरून लॉक करता येतं, लागेल तेव्हा तात्पुरतं उघडता येतं. निवृत्तिवेतनधारकांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. ऐंशीच्या पुढच्या केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. त्यासाठी ठसा देणार असाल तर आधी लॉक उघडायला विसरू नका, नाहीतर दारात आलेला पोस्टमन परत जाईल.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा आणि बँकेला लेखी कळवा. बँकेची किंवा खातेदाराची चूक नसताना तिसऱ्याच कोणी हात मारला असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, असं रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक सांगतं. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर हे संरक्षण मिळत नाही, तरीही तक्रार कराच. पैसे पुढच्या खात्यात गोठवले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

चुकीची पॉलिसी गळ्यात मारली असेल तर पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. हप्त्यातून थोडा खर्च कापून बाकीचे पैसे परत मिळतात.

तिसरी पायरी: डॉक्टरांकडे, वकिलाच्या आधी

आमची चूक इथे झाली. आम्ही आधी वकील गाठला, कागद तयार केला, आणि मग विचार आला की उद्या कोणी म्हणालं "त्यांना समजतच नव्हतं" तर?

विस्मरणाचं निदान झालं म्हणजे सही करण्याची क्षमता लगेच संपते, असं कायदा म्हणत नाही. करार कायद्याच्या कलम १२ मध्ये कसोटी साधी आहे: ज्या वेळी सही केली त्या वेळी त्या माणसाला व्यवहार समजत होता का, आणि आपल्या हिताचा विचार त्याला करता येत होता का. अधूनमधून भान जाणारा माणूसही भानावर असताना करार करू शकतो. म्हणून न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडून दाखला घ्या, आणि त्यात "प्रकृती ठीक आहे" एवढंच नको. कोणता कागद आहे, त्याने कोणाला कोणता अधिकार मिळतो, हे रुग्णाला समजतं असं स्पष्ट लिहून घ्या. दाखल्याची तारीख सहीच्या तारखेच्या जितकी जवळ तितकं चांगलं. शक्य असेल तर दिवस तोच ठेवा. वडिलांचं डोकं सकाळी नऊ ते अकरा स्वच्छ असायचं, दुपारनंतर गोंधळ. सगळ्या सह्या आम्ही सकाळीच घेतल्या.

चौथी पायरी: मुखत्यारपत्र

दुकानात मिळणारा छापील नमुना घेऊन "सर्व अधिकार" देणारं कुलमुखत्यारपत्र करू नका. वडिलांना वाचवण्यासाठी जो कागद करताय, तोच उद्या त्यांना लुटण्याचं हत्यार होऊ शकतो. तुम्ही प्रामाणिक असाल, पण तुमच्यानंतर तो कागद कोणाच्या हातात असेल?

खास मुखत्यारपत्र करा आणि त्यात नेमकी कामं लिहा: अमुक बँकेतलं अमुक खातं चालवणं, निवृत्तिवेतन, दवाखान्याची बिलं, आरोग्य विम्याचा दावा, प्राप्तिकर विवरणपत्र, वीज-पाणी-घरपट्टी, भाडेकरूकडून भाडं घेणं. त्याखाली तितक्याच ठळकपणे काय करता येणार नाही तेही लिहा: विक्री नाही, बक्षीस नाही, गहाण नाही, कर्ज नाही, जामीनकी नाही, नॉमिनी बदलणं नाही. एका रकमेपुढे दोन मुखत्यारांच्या सह्या लागतील अशी अट घाला. आम्ही ती पन्नास हजारांवर ठेवली, एक मी आणि एक बहीण. सुरुवातीला जाच वाटला. नंतर कळलं, की याच अटीमुळे आम्हा भावंडांत एकदाही वाद झाला नाही.

दर तिमाहीला सगळ्या भावंडांना हिशोब पाठवायचा, हेही कागदातच लिहा. तोंडी ठरलेलं दोन वर्षांनी कोणालाच आठवत नाही.

आता सहीचा दिवस. मजकूर मराठीत असू द्या आणि वडिलांना मोठ्याने वाचून दाखवा. "हे तुमच्या शब्दांत सांगा बरं" असं त्यांना विचारा आणि त्यांचं उत्तर मोबाईलवर रेकॉर्ड करा. साक्षीदार असे घ्या ज्यांना यातून काहीच मिळणार नाही: शेजारी, निवृत्त सहकारी, कुटुंबाचे डॉक्टर. प्रत्येक पानावर सही, सही थरथरत असेल तर सोबत अंगठाही.

बँकेच्या साध्या कामाला नोटरीसमोर केलेलं मुखत्यारपत्र बऱ्याचदा चालतं, पण शाखेला आधी विचारा, कारण काही बँकांचा स्वतःचा नमुना असतो. स्थावर मालमत्तेशी थोडाही संबंध असेल तर ते दुय्यम निबंधकाकडेच करा. आई-वडील अंथरुणाला खिळलेले असतील तर नोंदणी अधिकाऱ्याला घरी बोलावण्याची सोय नोंदणी कायद्यातच आहे. कार्यालयात "गृहभेट" म्हणून अर्ज करा आणि वैद्यकीय दाखला जोडा. हे कोणी आपणहून सांगत नाही. आम्ही वडिलांना खुर्चीत बसवून जिना चढवला होता, तेव्हा आम्हाला हे माहीत असतं तर!

मुखत्यारपत्र आधीच चुकीच्या माणसाच्या नावावर झालं असेल तर ते रद्द करता येतं, मात्र आई-वडिलांना समजत असेपर्यंतच. रद्दपत्र करा. मूळ कागद नोंदणीकृत असेल तर तेही नोंदवा. मग त्या माणसाला, प्रत्येक बँकेला, सोसायटीला आणि तलाठ्याला लेखी कळवून पोच घ्या, आणि स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्या. करार कायद्याच्या कलम २०८ प्रमाणे अधिकार संपल्याचं तिसऱ्या माणसाला कळेपर्यंत त्याच्यापुरता तो चालूच असतो. पोच नसेल तर रद्दपत्र नुसतं कपाटात पडून राहतं.

पाचवी पायरी: बँक

संयुक्त खातं हा सगळ्यांच्या डोक्यात येणारा पहिला उपाय. "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला" अशा खात्यात तुम्ही एकट्याने पैसे काढू शकता. "पहिला किंवा हयात असलेला" असं असेल तर वडील असेपर्यंत तुमच्या सहीला अर्थ नाही. हे शब्द फॉर्मवर वाचूनच खूण करा. पण संयुक्त खात्यात पैसे कोणाचे हा प्रश्न भावंडांत हमखास उठतो. म्हणून तुमचा पगार त्यात कधीच आणू नका.

हात अजिबात चालत नसेल तरी खातं अडत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार सही करू न शकणाऱ्या आजारी खातेदाराच्या हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. तो ओळखणारे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. सत्तरीच्या पुढच्यांना आणि आजारी, अपंग खातेदारांना घरपोच सेवा देण्याबाबतही सूचना आहेत. शाखेत "असं काही नसतं" म्हणाले तर लेखी अर्ज द्या आणि लेखी उत्तर मागा. आमच्याकडे लेखी अर्जानंतर दुसऱ्याच दिवशी अधिकारी घरी आले.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यावर चार नॉमिनी ठेवता येतात. नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा विश्वस्त असतो, मालक नव्हे. एवढं भावंडांना समजावून सांगितलं तरी निम्मी भांडणं मिटतात.

सहावी पायरी: घर आणि जमीन

पैशांपेक्षा मोठं नुकसान इथे होतं, आणि ते एका सकाळीत होतं. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेती मुलगा, मुलगी, नातवंडं यांना बक्षीस द्यायचं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. चांगल्या हेतूने दिलेली ही सवलत, पण त्यामुळे "बाबा, इथे एक सही करा" एवढ्यावर आयुष्याची कमाई एका मुलाच्या नावावर होते.

नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर वर्षातून दोनदा त्या मालमत्तेची सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) तपासा. तुमच्या माहितीशिवाय काही दस्त झाला असेल तर तिथे दिसतो. गावची जमीन असेल तर "आपली चावडी" या संकेतस्थळावर फेरफाराच्या नोटिसा दिसतात. नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. या मुदतीत तलाठ्याकडे लेखी हरकत दिली तर प्रकरण विवादग्रस्त होऊन मंडळ अधिकाऱ्याकडे सुनावणीला जातं. पंधरा दिवस उलटले तर नोंद प्रमाणित होते आणि मग प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील करत बसावं लागतं. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो. तेवढा खर्च दर सहा महिन्यांनी कराच.

सोसायटीच्या सचिवाला वडिलांच्या सहीचं पत्र देऊन ठेवा, की हस्तांतराचा कोणताही अर्ज आला तर वडिलांना प्रत्यक्ष भेटल्याशिवाय पुढे जाऊ नये. कायद्याने हे बांधील नसेल, पण बहुतेक सचिव मानतात.

माझं स्वतःचं मत ठाम आहे: आजारी माणसाने हयातीत घर कोणालाही बक्षीस देऊ नये, सेवा करणाऱ्या मुलीलासुद्धा. मृत्युपत्र करावं. ते मृत्यूनंतरच लागू होतं आणि तोवर छप्पर त्यांच्याच नावावर राहतं. द्यायचंच असेल तर ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ चं कलम २३ डोळ्यासमोर ठेवून बक्षीसपत्रात लिहा, की घेणाऱ्याने देणाऱ्याच्या राहण्या-खाण्याची आणि औषधपाण्याची सोय केली पाहिजे. ही अट असेल आणि ती पाळली नाही, तर याच कायद्याखालचं न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द ठरवू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात अट दाखवणं आवश्यक मानलं. जानेवारी २०२५ मध्ये ऊर्मिला दीक्षित प्रकरणात मात्र हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचावा असं सांगितलं. तरी अट कागदावर असलेली बरी.

गोव्यातल्या वाचकांसाठी एक ओळ: तिथे वारसांचा निम्मा हिस्सा कायद्यानेच राखीव असतो, त्यामुळे सगळं एकाच्याच नावावर करून घेतलेला कागद तिथे वेगळ्या मार्गाने आव्हानाला पात्र ठरतो. तिथल्याच वकिलाला विचारा.

सातवी पायरी: भान आधीच गेलं असेल तर

ब्रेन स्ट्रोक, कोमा, पुढच्या टप्प्यातलं विस्मरण. आता मुखत्यारपत्र करता येत नाही, आणि असेल तेही संपलं. अंगठा धरून कागदावर टेकवणारे असतात. तसं करू नका, तो गुन्हा आहे.

अल्पवयीन मुलांसाठी पालकत्वाचा कायदा आहे, पण भान गेलेल्या प्रौढाच्या मालमत्तेसाठी सरळ असा कायदा नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातला नामनिर्दिष्ट प्रतिनिधी उपचारांपुरता असतो, पैशांसाठी नाही. म्हणून उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका करून पालक नेमून घ्यावा लागतो. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये शोभा गोपालकृष्णन प्रकरणात याची पद्धत घालून दिली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनी शर्मा प्रकरणात कोमातल्या पतीसाठी पत्नीला पालक नेमताना ती आधाराला घेतली.

याचिकेला काय जोडायचं: उपचारांचे सगळे कागद, मालमत्ता आणि कर्जाची पूर्ण यादी, सर्व वारसांची नावं आणि त्यांची संमतीची प्रतिज्ञापत्रं. परदेशातल्या भावंडाने तिथल्या भारतीय वकिलातीत प्रतिज्ञापत्र साक्षांकित करून पाठवावं. हे उशिरा आलं की तारखा पुढे ढकलल्या जातात. न्यायालय सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाकडून तपासणी करवून घेतं, महसूल अधिकाऱ्यांमार्फत माहिती पडताळू शकतं, आणि पालकाने ठरावीक काळाने हिशोब द्यावा असा आदेश देतं. मालमत्ता विकायची असेल तर ते आदेशात स्पष्ट मागा, नाहीतर पुन्हा जावं लागतं. मुंबईसोबत नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात पर्वरी इथे खंडपीठं आहेत, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं आहे. आपला जिल्हा कुठे येतो ते आधी बघा.

खर्च परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे. आईच्या नावाने अर्ज असेल तर उत्पन्नाची अटही नाही, कारण स्त्रियांना मोफत विधी साहाय्य उत्पन्न न बघता मिळतं.

आठवी पायरी: लुबाडणूक होऊन गेली असेल तर

६० वर्षांवरच्या कोणालाही उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांताकडे, २००७ च्या कायद्याखाली अर्ज करता येतो. त्यांना स्वतः जाणं शक्य नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. न्यायाधिकरणाला स्वतःहूनही दखल घेता येते. निर्वाहाचा अर्ज साधारण ९० दिवसांत निकाली काढायचा असतो. निर्णय विरुद्ध गेला तर ज्येष्ठांना ६० दिवसांत अपील करता येतं. अर्ज कसा लिहायचा इथपासून अडत असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते.

फसवून घेतलेला दस्त रद्द करायला दिवाणी न्यायालयात जावं लागतं, आणि मुदत कळल्यापासून तीन वर्षांची असते. इथे करार कायद्याचं कलम १६ तुमच्या बाजूने उभं राहतं. वय, आजार किंवा त्रासामुळे ज्याची बुद्धी दुबळी झाली आहे अशा माणसाकडून वरचढ माणसाने उघडपणे अन्याय्य व्यवहार करून घेतला, तर दबाव नव्हता हे सिद्ध करण्याचा भार घेणाऱ्यावर जातो. दावा दाखल केल्याबरोबर त्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या, वकील तिला लिस पेंडन्स म्हणतात. नाहीतर दावा चालू असताना घर तिसऱ्यालाच विकलं जाईल.

विश्वासाने दिलेले पैसे खाल्ले असतील तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६, फसवणुकीला ३१८. पोलिसांकडे जाण्याआधी तारीखवार एक पान तयार करा: दिवस, रक्कम, कोणी, पुरावा काय. रडत सांगितलेली कहाणी ठाण्यात विरून जाते, ते एक पान मात्र फाइलला लागतं.

मुखत्यार झाल्यावर

एक वही, एक फाइल. प्रत्येक खर्चाची पावती, औषधवाल्याची सुद्धा. स्वतःच्या खिशातून खर्च केला तर त्याच दिवशी लिहा. वडिलांना समजत असेल तोवर दर महिन्याला ती वही त्यांच्यासमोर उघडा. आमचे वडील शेवटी आकडे वाचू शकत नव्हते, तरी बोट फिरवून प्रत्येक ओळ बघायचे आणि शेवटी सही करायचे.

आणि ज्या दिवशी ते जातात, त्या क्षणी मुखत्यारपत्र संपतं. अंत्यविधीच्या खर्चासाठीसुद्धा त्यांचं कार्ड वापरू नका, त्यानंतर काढलेला प्रत्येक रुपया वारसांच्या मालकीचा आहे. खर्चाची एक रक्कम आधीच भावंडांनी मिळून बाजूला ठेवा. बँकेला मृत्यूचा दाखला द्या, कार्ड आणि उरलेले चेक परत करा, पोच घ्या. मी ती पोच वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवली आणि वही बहिणीकडे दिली.